आमच्यात मुलींना पाठवत नाहीत

अमेरिकेत आल्यावर मला एक हत्यार सापडलं होतं. ‘आमच्यात असं नसतं,’ एवढं म्हटलं की समोरचा माणूस लगेच मान डोलावतो, ‘ऑफ कोर्स, ऑफ कोर्स’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. नागपुरात हे वाक्य टाकलं असतं तर शेजारणीनं ‘काहून नसते बाप्पा, तुमच्या जाऊबाईकडे तर असते’ म्हणून माझी उलटतपासणी घेतली असती. इथे कुणी खोलात शिरत नसे. दुसऱ्याच्या रीतिभातींचा मान राखायचा म्हणून सगळे आपणहून माघार घेत. त्यांच्या या चांगुलपणाचा मी पुरेपूर गैरफायदा घेतला.

नाताळच्या आधी लेकीच्या वर्गात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी द्यायच्या ठरल्या, तेव्हा आमच्यात डिसेंबरात भेटी देत नसत. वर्गाच्या फोटोंचं पाकीट घ्यायची वेळ आली, तेव्हा आमच्यात लहान मुलांचे फार फोटो काढत नसत, दृष्ट लागते म्हणून. हे सांगताना मला स्वतःलाच हसू फुटायला आलं होतं. पण लेकीच्या टीचरनं ते इतक्या गांभीर्यानं ऐकून घेतलं की माझा माझ्याच थापेवर विश्वास बसायचा बाकी राहिला.

खरं कारण अगदी साधं होतं. नवरा बेंचवर होता.

हा शब्द त्या वर्षी आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात होता. डॉटकॉमचा फुगा फुटला, धडाधड माणसं काढली, आणि आमच्याही घरी एका शुक्रवारी दुपारी नवरा खोक्यात कॉफीचा मग आणि लेकीचं चित्र घेऊन परत आला. व्हिसा टिकवायचा तर कागदोपत्री कुठेतरी नोकरी हवी. म्हणून त्यानं एका कन्सल्टिंगवाल्याकडे नाव घातलं. तो म्हणाला, प्रोजेक्ट मिळाला की पगार, तोवर बेंचवर बसा. बसा म्हणजे आपापल्या घरी, आपापल्या पैशानं. मी डिपेंडंट व्हिसावर, त्यामुळे मला काम करायची परवानगी नाही. नागपुरात सात वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी, क्युपर्टिनोच्या दोन खोल्यांत वर्तमानपत्रातून कापलेल्या भाजीच्या सवलत-कुपनांचा ढीग करत बसले होते.

घरभाडं मात्र शाळेसाठीच तर भरत होतो. इथली सरकारी शाळा उत्तम, आणि फी अजिबात नाही, हे ऐकूनच सगळे आपले लोक या गावात येत. फी नव्हती हे खरंच. पण दर आठवड्याला दप्तरातून एक रंगीत कागद निघायचा. कधी पुस्तकांची जत्रा, कधी कशाचा टी-शर्ट. आणि मार्चमध्ये पिवळा कागद निघाला तो सायन्स कॅम्पचा.

पाचवीचा अख्खा वर्ग पाच दिवस सांताक्रूझच्या डोंगरात जायचा होता. रेडवुडच्या जंगलात, लाकडी केबिनमध्ये राहायचं, ओढ्याचं पाणी तपासायचं, रात्री आकाश बघायचं. माझी लेक दहा वर्षांची होती आणि तिसरीपासून या कॅम्पची वाट बघत होती. तिथे बोटाएवढी पिवळीधमक गोगलगाय असते, बिनशंखाची, आणि जो धीट असेल तो तिचा पापा घेतो, हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं होतं की माझ्या पोळीच्या घासाला त्या गोगलगायीची चव येऊ लागली होती.

कागदावर मधोमध आकडा होता. दोनशे पस्तीस डॉलर. आता सांगताना काहीच वाटत नाही. पण त्या महिन्यात आम्ही फ्रिजच्या वरची चिल्लर मोजून दूध आणत होतो. मी आकडा वाचला, खाली शेवटची तारीख वाचली, आणि कागदाची घडी घालून पोळपाटाखाली सारला.

खालच्या मजल्यावर मुंबईच्या एक काकू राहायच्या, मुलाकडे येऊन पाच-सहा वर्षं झालेल्या. त्यांना सगळं ठाऊक असे, किंवा तसं त्यांना वाटे. मी आडून आडून विचारलं, शाळेत काही सवलत वगैरे मागता येते का हो? त्यांनी डोळे मोठे केले.

“अगं, भलतं काही करू नकोस हं. फॉर्म-बिर्म भरलास की सगळं कॉम्प्युटरवर चढतं. उद्या ग्रीन कार्डच्या वेळी काढतील, की ह्यांनी सरकारचे पैसे खाल्ले. आमच्या ओळखीत एकांचं असंच अडकलंय.”

हे ‘ओळखीतले एक’ कोण ते मला आजवर कळलेलं नाही. पण मी तो विषय तिथेच सोडला. आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. न मागायला एक सबळ कारण मिळालं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी टीचरला गाठलं. उंच, पिकल्या केसांच्या, कायम पळायला निघाल्यासारखे बूट घालणाऱ्या बाई. लेक माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हणाले, “ती कॅम्पला येणार नाही. आमच्यात मुलींना रात्री बाहेर राहायला पाठवत नाहीत.”

टीचरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ‘ऑफ कोर्स’ उशिरा आलं. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, मी समजू शकते, त्या आठवड्यात ती चौथीच्या वर्गात बसेल, तिला छान काम देऊ.

घरी येताना मी तयारीत होते. रडेल, आदळआपट करेल, मग मी रागावेन, मग आइस्क्रीमवर मिटेल. पण तसं काही झालं नाही. अर्ध्या वाटेत एवढंच म्हणाली, “इट्स ओके आई. मला तसे पण बग्स नाही आवडत.” मी मनात म्हटलं, किती समजूतदार आहे माझी बाय. आईबापांना पोरांचा समजूतदारपणा फार सोयीचा असतो. मीही तो पदरात पाडून घेतला आणि संध्याकाळी तिच्या आवडीचा साबुदाण्याचा वडा केला.

नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तो आधीच रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डायनिंग टेबलाशी ऑफिस मांडून बसायचा आणि दिवसभर अर्ज पाठवायचा. त्याला आणखी काय सांगायचं? दर बुधवारी तो लेकीच्या शाळेत जाऊन बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून द्यायचा, फुकट. ‘तेवढाच हात चालता राहतो,’ म्हणायचा. त्या एका दिवशी त्याचा चेहरा जरा उजळलेला असे. पोरं त्याला ‘कॉम्प्युटर अंकल’ म्हणायची.

मी कॅम्पला नाही म्हटल्याला दोन आठवडे झाल्यावरच्या बुधवारी तो शाळेतून परतला, बूट काढले, आणि नेहमीच्या खुर्चीत न बसता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी पीठ मळत होते.

“आपल्याकडे मुलींना रात्री बाहेर पाठवत नाहीत अशी पद्धत आहे का गं?” त्यानं विचारलं. अगदी साध्या आवाजात. माझा नवरा पुण्याचा असूनही त्याला टोमणा मारता येत नाही, ही माझी कायमची तक्रार आहे.

माझे हात पिठातच राहिले. “काय झालं?”

टीचरनं त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं. फार अदबीनं. मला तुमच्या रीतीत ढवळाढवळ करायची नाही, पण तुम्ही मला दर बुधवारी भेटता, तुम्ही तसे वाटत नाही, म्हणून एकदाच विचारते, असं म्हणून. रात्री मुलींच्या केबिनमध्ये बायकाच असतात, हवं तर तुमची बायको सोबत येऊ शकते, असंही त्या म्हणाल्या.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, हो, आमच्यात असंच आहे.”

“अहो, पण तुम्हाला तर काही माहीतच नव्हतं!”

“तू सांगितलं होतंस ना त्यांना. मग तुला खोटं कसं पाडू?”

आधी मला रागच आला. आला तो आला, त्याला मी काय करू, माझा रागाचा स्वभावच आहे. म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं होतं एवढा शहाणपणा करायला, सांगायचं होतं ना सरळ की माझी बायको थापाडी आहे. मग बघितलं तर तो आपल्या हातांकडे बघत होता. म्हणाला, “त्या वर्गात आता सगळ्यांना वाटत असेल की तिचा बाप तिला घरात कोंडून ठेवतो.” आणि हसायचा प्रयत्न केला. ज्या माणसानं लेकीला कधी मोठ्यानं ‘गप्प’ म्हटलेलं नाही, त्यानं भर शाळेत स्वतःच्या तोंडाला हे काळं फासून घेतलं होतं, माझ्यासाठी. मी पिठाच्या हातांनी तशीच त्याला बिलगले आणि हमसून हमसून रडले. त्याचा इस्त्रीचा शर्ट पार गेला.

रडून झाल्यावर त्यानं विचारलं, पैसे नाहीत हे सांगायला काय झालं होतं? तेव्हा मी त्याला ते सांगितलं, जे लग्नाला बारा वर्षं होऊनही सांगितलं नव्हतं.

नागपूरच्या माझ्या शाळेत दर महिन्याच्या दहा तारखेला क्लार्क एक यादी आणून द्यायचा. फी न भरलेल्यांची. ती वर्गात मोठ्यानं वाचायची, नाव आलेल्यानं उभं राहायचं, आणि तास संपेपर्यंत बसायचं नाही, असा शिरस्ता. मी नवी होते, बावीस वर्षांची. सगळ्या बाया वाचत, मीही वाचली. सात वर्षं वाचली. कधी मनात आलं नाही की ही पोरं काही फी भरत नसतात, फी त्यांचे आईबाप भरतात. एक मुलगी तर नाव यायच्या आधीच उठून उभी राहायची, म्हणजे मला वाचायचा त्रास नको. मी तिला ‘शहाणी’ म्हणायचे. नवरा ऐकत होता. मी म्हटलं, आपल्या लेकीला कोणी तसं उभं करेल, या भीतीनं मला खरं बोलवेना. त्यापेक्षा आपण मागासलेले ठरलो तर ठरलो.

“इथे यादी असेल असं तुला कुणी सांगितलं?” तो म्हणाला.

“नसेल कशी? फी आली की यादी आलीच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटायच्या अर्धा तास आधी मी वर्गात गेले. मुलं मैदानावर होती. मी बसलेसुद्धा नाही. इंग्रजी वाक्यं वाटेत घोकून ठेवली होती, ती सगळी विसरले आणि एका दमात म्हणाले, “आमच्यात असं काही नाही. मी खोटं बोलले. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली आहे. आमच्याकडे कॅम्पचे पैसे नाहीत.”

टीचरनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी खण उघडून तोच पिवळा कागद काढला, उलटा केला आणि माझ्या पुढे ठेवला. मागच्या बाजूला, सामानाच्या यादीच्याही खाली, दोन ओळी होत्या. ही रक्कम म्हणजे पालकांकडून ऐच्छिक मदत आहे. पैशाअभावी कोणत्याही मुलाला सहलीला नेण्याचं नाकारलं जाणार नाही.

मी कागद कधी उलटलाच नव्हता. आमच्या शाळेच्या कागदावर आकडा, तारीख आणि शिक्का, यापलीकडे वाचण्यासारखं काही नसायचं. मागची बाजू कोरीच.

“ही आमची मेहेरबानी नाही,” टीचर सावकाश म्हणाल्या, मला कळावं म्हणून. “कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. सरकारी शाळा मागू शकते, पण सक्ती करू शकत नाही. पैसे आले नाहीत म्हणून मूल मागे ठेवता येत नाही. कुणी दिले, कुणी नाही, हे मुलांना कळू द्यायचं नाही. आणि तुम्ही का देत नाही हे मला सांगायचीही तुम्हाला गरज नव्हती.”

“फॉर्म?” मी विचारलं.

“कसला फॉर्म?”

“सरकारी. ग्रीन कार्डला अडचण येते म्हणतात.”

“फॉर्मच नाही,” त्या म्हणाल्या. “तिला गरम कपडे द्या म्हणजे झालं. स्लीपिंग बॅग नसेल तर त्या कपाटात चार आहेत.”

खरं तर मी विरघळून जायला हवं होतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणाले, “मग हे पुढच्या बाजूला का नाही लिहीत? आकडा एवढा मोठा आणि हक्क मागे, मुंगीएवढ्या अक्षरात? आमच्यासारख्यांनी काय भिंग घेऊन बसायचं?” बोलून गेले आणि जीभ चावली. फुकट जाणाऱ्या पोरीची आई, आणि वर तोंड करून भांडते आहे. पण त्या बाईंनी कागद पुन्हा सुलटा केला, उलटा केला, आणि म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे.” पुढच्या वर्षीच्या पाचवीच्या कागदावर ते वाक्य खरोखरच आकड्याच्या वर छापलेलं होतं. तोवर नवऱ्याला प्रोजेक्ट मिळाला होता आणि मी दोनशे पस्तीस डॉलरचा चेक घेऊन शाळेच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईनं संगणकात बघितलं, म्हणाली, तुमच्या नावावर तर काहीच बाकी दिसत नाही. शेवटी तो चेक तिनं देणगी म्हणून घेतला.

त्या दिवशी वर्गातून निघताना टीचरनं मला थांबवलं. “एक विचारू? तिला तुम्ही सांगाल की मी सांगू?”

“मी सांगते,” मी म्हटलं.

घंटा झाली, पोरं धावत आली. माझी लेक नेहमीसारखी सगळ्यात शेवटी, दप्तर एका खांद्यावर. आम्ही चालत निघालो. गाडी एकच उरली होती आणि ती नवऱ्याबरोबर मुलाखतीला गेली होती. रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी अंगणात लिंबं लागली होती. मी कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, “आई, आज तू क्लासमध्ये का आलेली?”

मी तिला सगळं सांगितलं. बाबाचा पगार बंद आहे, ते तिला थोडंफार माहीत होतं. कॅम्पचे पैसे नव्हते, ते सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी टीचरना खोटं सांगितलं. चूक माझी, बाबाची अजिबात नाही. आणि आता तू जाणार आहेस, पैसे न भरता, कारण तुझा तो हक्कच आहे आणि त्यावरून तुला कुणी काहीही म्हणू शकत नाही.

मला वाटलं उडी मारेल. गोगलगायीचं काहीतरी बोलेल. ती थांबली. फुटपाथवर दप्तर खाली ठेवलं.

“सो ते मनीमुळे होतं?”

“हो गं राणी.”

“मी गर्ल आहे म्हणून नव्हतं?”

“नाही. कधीच नाही.”

ती माझ्याकडे नीट बघत राहिली, मी पुन्हा थाप तर मारत नाही ना, हे ताडून बघत असावी. मग तिनं विचारलं, “मग मी कॉलेजला जाऊ शकते? लांबच्या? डॉर्ममध्ये?”

दोन आठवडे. दोन आठवडे ही पोरगी माझ्या हातचे साबुदाणा वडे खात होती, गृहपाठ करत होती, आणि माझ्या एका वाक्यावरून एकेक गोष्ट मनातून काढून टाकत होती. मैत्रिणीकडे झोपायला जाणं, कॉलेज, आणि अजून काय काय, मी विचारायची हिंमत केली नाही. पैसे नाहीत म्हटलं असतं तर तिला कळलं असतं. बाबाला नोकरी लागेपर्यंत थांबायचं, एवढंच. मी तिला असं कारण दिलं होतं, जे कधीच संपणार नव्हतं.

मी गुडघ्यावर बसले, तिथेच, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेत. तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, “जायचं. लांबच्या कॉलेजला जायचं, डॉर्ममध्ये, हॉस्टेलवर राहायचं, तुला वाटेल तिथे जायचं. आपल्यात मुलींना पाठवतात.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

आणि मग ती रडली. दोन आठवड्यांचं सगळं रडली, माझ्या खांद्यावर नाक पुसत.